पाट, पोथी आणि पेटारा

गडहिंग्लजहून सावंतवाडी तशी लांब नाही. आजरा, आंबोली, मग घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते आणि कानावर मालवणी पडते. शाळेत चित्रकला शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. ज्या चित्रांच्या झेरॉक्स मी दरवर्षी आठवीच्या वर्गात वाटते, ती चित्रं जिथे काढली जातात त्या घरांपर्यंत मात्र मी कधी पोचले नव्हते. गोव्याला जाताना सावंतवाडीत चहाला थांबले असेन, तेवढंच.

जायचं कारण झालं एका मुलीचा प्रश्न. चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कोकणातल्या कलेचा, नमुना फळ्यावर लावला होता. राम आणि रावण समोरासमोर, मोठाले डोळे, बाकी कागद कोरा. ती म्हणाली, "बाई, ह्यांच्या मागं काहीच का नाही? झाड नाही, डोंगर नाही." मी म्हटलं, ती शैली आहे. घंटा झाली, वर्ग सुटला. घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचायला लागलं. शैली आहे म्हणजे काय? मला माहीत नव्हतं, म्हणून मी तो शब्द पुढे केला होता.

आमच्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं सासर कुडाळचं. तिला म्हटलं, मला तिकडच्या कलाकारांचे स्टुडिओ बघायचेत. ती म्हणाली, "स्टुडिओ कुठले गं? आमच्याकडे गणपतीची शाळा असते, चितार आळी असते, नाटकवाल्यांचा रंगपट असतो. आणि हे सगळं एका फेरीत दिसणार नाही. गणपती बघायचे तर श्रावणात जा, दशावताराचं नाटक बघायचं तर जत्रा सुरू झाल्यावर. दुपारी एक ते चार मात्र कुणाच्या दारात उभी राहू नकोस." माझी अख्खी आखणी या चार वाक्यांवर झाली. दोन फेऱ्या करायच्या हे तिच्यामुळे ठरलं, नाहीतर मी दिवाळीच्या सुट्टीत एकदाच जाऊन, अर्धं बघून परतले असते.

पहिली फेरी पंधरा ऑगस्टला जोडून केली. पाऊस लागलेला. सावंतवाडीच्या अलीकडे एका वाडीत मैत्रिणीच्या ओळखीनं मूर्तिकाराचं घर गाठलं. पडवीच्या बाजूला वाढवलेली लांब खोली, वर पत्रे, आत पिवळे दिवे आणि ओल्या मातीचा वास. हीच शाळा. कोकणात मूर्तिकाराच्या या जागेला शाळा का म्हणतात याचं उत्तर तिथे दोन तास बसल्यावर आपोआप मिळतं. गावातली पाच-सहा पोरं दप्तर टाकून तिथेच आलेली होती. कुणी माती मळत होतं, कुणी साच्यातून निघालेल्या हाताची शिवण बोटानं पुसत होतं, सगळ्यात धाकटा ओली फडकी झटकून देत होता. कुणी कुणाला शिकवताना दिसत नव्हतं. मूर्तिकार काम करत होते आणि पोरं बघत होती, एवढंच.

माझं लक्ष मूर्तींआधी भिंतीकडे गेलं. तिथे पाट रचून ठेवले होते, एकावर एक, छतापर्यंत. काही नवे कोरे, काही इतके जुने की कडा झिजून गोल झालेल्या. प्रत्येकाच्या पाठीवर खडूनं किंवा रंगानं घराचं नाव. आमच्याकडे घाटावर आपण बाजारात जातो, मूर्ती पसंत करतो, पैसे देतो, घेऊन येतो. इथे नागपंचमीच्या आगेमागे घरातला माणूस आपला पाट शाळेत आणून ठेवतो. त्याच पाटावर त्याच्या घरचा गणपती घडतो आणि चतुर्थीला त्याच पाटासकट घरी जातो. मूर्ती किती उंच, सोंड कशी, सोवळं कुठल्या रंगाचं, हे त्या घराच्या रीतीप्रमाणे ठरतं आणि मूर्तिकाराला ते तोंडपाठ असतं. एका पाटावर हात ठेवून ते म्हणाले, "ह्यांचो गणपती लाल सोवळ्याचो. आज्याच्या टायमापासून तसोच." वहीत कुठे लिहिलंय का म्हणून मी विचारलं. ते हसले आणि कामाला लागले.

मला नुसतं बघत बसायला संकोच वाटत होता. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी मातीचा गोळा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "उंदीर करा." प्रत्येक मूर्तीपुढे एक उंदीर लागतोच. मी केला. त्यांनी तो हातात घेऊन अंगठ्यानं पाठीवर एकदाच दाबलं आणि उंदीर बसला. म्हणजे आधी तो ठेवलेला वाटत होता, आता बसलेला वाटायला लागला. इतकी वर्षं मी मुलांना वजन, तोल हे शब्द शिकवते आहे. त्या एका अंगठ्यात ते सगळं होतं. दुपारपर्यंत मी अकरा उंदीर केले आणि शेवटच्या दोघांना त्यांनी हात लावला नाही.

डोळे ते स्वतःच आखतात, सगळ्यात शेवटी. मी गेले तेव्हा बहुतेक मूर्ती अजून मातीच्याच होत्या, त्यामुळे डोळ्यांची आखणी बघायला मिळाली नाही. पावसाळ्यात माती वाळत नाही, दिवे जास्त लावावे लागतात, वीज गेली की पंचाईत. या दिवसांत त्यांची झोप तीन-चार तासांची असते असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. चतुर्थीची तारीख काही पुढे ढकलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीत चितार आळीत गेले. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांत लाकडी फळं. केळं, आंबा, काजू, सीताफळ, कारलं, वांगं. पाट, चौरंग, भातुकली, बैल. दुकानातून फळं विकत घेऊन परत जाणारे पुष्कळ असतात. मला मागे जायचं होतं, जिथे ती कातली आणि रंगवली जातात. चार ठिकाणी विचारलं. तिघांनी "आज काम बंद" असं सांगितलं आणि मला ते पटलं, कारण मी विचारायला गेले ती वेळ पावणेदोनची होती. मैत्रिणीनं सांगितलेलं मीच विसरले होते. साडेचारला परत गेले तेव्हा एका घरानं आत घेतलं.

मागच्या खोलीत लाकडाच्या भुशाचा थर. पूर्वी हे सगळं काम पांगाऱ्याच्या लाकडात चालायचं. पांगारा हलका, कातायला मऊ, रंग चांगला धरतो. आता तो पुरेसा मिळत नाही, म्हणून मिळेल ते लाकूड वापरतात आणि हाताला फरक कळतो, असं त्या घरातले काका सांगत होते. त्यांनी दोन केळी माझ्या दोन हातांत दिली. एक खरोखर केळ्याएवढं हलकं, दुसरं दगडासारखं जड. रंगवायचं काम घरातल्या बायका करत होत्या. एक बाई पिकलेल्या केळ्यावरचे काळे ठिपके देत होत्या. प्रत्येक केळ्यावर वेगळे. मी विचारलं, समोर खरं केळं ठेवता का? त्या म्हणाल्या, "केळी काय आम्ही कधी बघूक नाय?"

याच गावात मला वाईटही वाटलं. एका दुकानात गंजिफाचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, संच हातानं रंगवलेला म्हणून दाखवला. मी भिंग जवळ ठेवते, ड्रॉइंगच्या बाईंची सवय. पानावर भिंग धरलं तर छपाईचे बारीक ठिपके. मी काही बोलले नाही, पान परत ठेवलं. राग छापील पानांवर नाही, ती स्वस्तात मिळाली तर मुलांच्या हातात येतील. पण छापील आहे असं सांगून विकावीत. नाहीतर जी बाई दिवसाला मोजकीच पानं करते तिच्या कामाची किंमत गिऱ्हाइकाला कशी कळणार? माझा आग्रह आहे की इथे विकत घेताना भिंग नसलं तरी मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघावं. हाताच्या कामात पानावरच्या दोन माशांचे डोळे कधी एकसारखे नसतात.

खरा गंजिफा मी मोती तलावासमोरच्या राजवाड्यात बघितला. तिथे चित्रकार खाली बसून, समोर छोटं मेज घेऊन पानं रंगवत असतात आणि आपल्याला जवळ उभं राहून बघता येतं. पत्ते गोल. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे आपण इस्पिक-बदाम म्हणतो तसे. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, अशी बारा पानं. एकूण १२० पानं. मत्स्याच्या रंगात मासे, परशुरामाच्या रंगात परशू. खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्यानं एक चित्रकार सरळ रंगातच दहा मासे काढत होत्या, खाली पेन्सिलीची खूण नाही. पारंपरिक पानाला चिंचोक्याच्या खळीचे हात द्यायचे, मग रंग, मग लाख.

हा खेळ हिंदुस्थानात जुना. बाबरानं १५२७ साली सिंधमध्ये आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. सावंतवाडीत मात्र तो पार मावळायला आला होता. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला येणारे जे थोडे हात उरले होते, त्यांतल्या पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. शिकायला राजाराणी स्वतः बसले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नुसतं अनुदान देऊन भागलं नसतं.

मी किंमत विचारली. पूर्ण संच माझ्या त्या महिन्याच्या हिशेबात बसणारा नव्हता. मत्स्याचं एक सुटं पान घेतलं आणि परतले.

दुसरी फेरी मार्गशीर्षात. या वेळी थेट कुडाळला उतरले आणि रिक्षानं पिंगुळीच्या गुढीपूरला गेले. ठाकर समाजाची वस्ती. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ बैल, राधानृत्य अशा त्यांच्या कला इथे घराघरांत आहेत. सावंतवाडी संस्थानाच्या काळात कोणत्या घरानं कोणत्या गावच्या देवळात खेळ करायचा हे नेमून दिलेलं असे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरचा गुरांचा गोठा मोकळा करून तिथे ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आधी फोन करून जावं, म्हणजे खेळ दाखवायला माणसं घरी असतात.

पुण्याला केळकर संग्रहालयात मी चित्रकथीची चित्रं काचेमागे बघितलेली आहेत. चांगली आहेत, नीट जपलेली आहेत. पण पिंगुळीत चित्र भिंतीवर नसतं, माणसाच्या हातात असतं. कथेकरी मांडी घालून बसतो, वीणा, टाळ आणि हुडूक वाजतात, एक चित्र उभं धरलं जातं आणि गाणं सुरू होतं. गाणं थांबतं, बोलणं सुरू होतं, बोट एका आकृतीवर जातं, मग दुसऱ्या. कथेतला तेवढा प्रसंग संपला की चित्र उलटलं जातं.

उलटलं, आणि मागच्या बाजूला पुढचं चित्र होतं.

मी जागच्या जागी सरळ बसले. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. अशा चित्रांचा एका कथेचा गठ्ठा म्हणजे पोथी. "ह्यांच्या मागं काहीच का नाही?" या प्रश्नाला मी शैली असं उत्तर दिलं होतं आणि मागे तर अख्खा पुढचा प्रसंग होता. समोरचा कोरा कागदही तेव्हाच कळला. रात्रीच्या वेळी, दिव्याच्या उजेडात, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही राम कुठला आणि रावण कुठला हे दिसायला हवं. झाड-डोंगर गाणं सांगतं. ते कागदावरही काढले असते तर गाण्यानं काय करायचं? माझ्या झेरॉक्समध्ये अर्धीच गोष्ट होती. दुसरी बाजू नव्हती, आवाज नव्हता.

कळसूत्री बाहुलीही हातात घेऊन बघितली. मोजके दोरे, हलकं लाकूड, चितार आळीतलं ते हलकं केळं आठवलं. चामड्याच्या बाहुल्या पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवून नाचवतात, आणि चामडं इतकं पातळ केलेलं की पडद्यावर सावलीसुद्धा रंगीत पडते. याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल.

जानेवारीत वर्गात हाच धडा पुन्हा घेतला. मुलांना जोड्या करून प्रसंग काढायला लावले, पाठीला पाठ चिकटवायला लावली आणि चित्र हातात धरून गोष्ट सांगायला लावली. कुणीतरी बाक वाजवला. जिनं प्रश्न विचारला होता तिनं गजेंद्रमोक्ष काढला होता. मगर पुढच्या बाजूला आणि विष्णू मागच्या. उलटेपर्यंत तो येणार की नाही हे कुणाला कळू नये म्हणून.

पण आधी दुसऱ्या फेरीतल्या एका रात्रीच्या जत्रेचं, तिथल्या दशावताराच्या नाटकाचं सांगायला हवं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण नाटक मंडळीच्या मालकांनी मला रंगपटात मनापासून बसू दिलं होतं, उद्या तिथे कॅमेरे घेऊन गर्दी व्हायला नको. देवळाच्या मागे एक खोली, तोच रंगपट. चपला बाहेर. आत पेटारा असतो, त्यात नाटकातला गणपती असतो, त्याला नमस्कार केल्याशिवाय कुणी तोंडाला रंग लावत नाही. मी दाराजवळ भिंतीला टेकून बसले. दशावतारात सगळे पुरुषच असतात. पत्र्याच्या ट्रंकेवर आरसा टेकवून प्रत्येक जण आपलं तोंड आपणच रंगवत होता. जो राणी होणार होता तो नऊवारीच्या निऱ्या घालताना शेजाऱ्याशी काजूच्या कलमांबद्दल बोलत होता. कुंकू लावलं आणि बोलणं थांबलं. त्यानंतर तो उठला तो वेगळ्या चालीनं.

मी मालकांना विचारलं, संहिता बघायला मिळेल का? संहिता नाहीच. आज कुठलं आख्यान लावायचं ते मालक सांगतात, कुणी कुठलं पात्र करायचं ते ठरतं, प्रवेशांचा क्रम दोन-चार वाक्यांत होतो. संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचायचे. पुराण प्रत्येकाला पाठ, समोरचा काय टाकेल त्यावर आपण काय परतवायचं ते त्या क्षणाला. माझ्यासमोर हे सगळं चहा पिता पिता ठरलं.

आधी आडदशावतार. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, सरस्वती आली, आणि काळ्या वेषातला संकासुर आला तशी पुढे बसलेली पोरं ओरडायला लागली. तो मालवणीत बोलतो, गावातल्या गोष्टी काढतो, लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. मग मुख्य आख्यान. रंगमंचावर सामान म्हणून एक बाकडा. राजा त्यावर बसला की दरबार, उतरला की रान. पायपेटी, मृदंग आणि झांज, बस. मध्यरात्रीनंतर राणीचा विलाप होता. सात-आठ मिनिटं ती एकटी. माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसलेल्या आजी डोळे पुसत होत्या. मघाशी काजूच्या कलमांबद्दल बोलणारा माणूस तो हाच, हे मला माहीत होतं, आणि तरीही माझा घसा दाटून आला.

पहाटे दहीकाला झाला. हंडी फुटली, प्रसाद वाटला. रंगपटात परत गेले तेव्हा राणीचे दागिने ट्रंकेत गेले होते आणि तो माणूस तेल लावून तोंडाचा रंग काढत होता. रात्री दुसऱ्या गावी नाटक. मोसम असेपर्यंत असंच चालतं, रात्री नाटक, दिवसा प्रवास आणि झोप. मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "परत येवा. पुढच्या टायमाक वेगळा आख्यान लावूया."

सकाळच्या एसटीनं सावंतवाडीला आले, राजवाडा उघडेपर्यंत तलावाच्या काठावर बसले. चार महिने थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे पर्समध्ये होते. पूर्ण संच घेतला. दशावतारी, १२० पानं, रंगवलेल्या लाकडी पेटीत.

गंजिफा तिघांत खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं. गोल पत्ते चाळीस हातात धरणं सोपं नाही. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधानाच्या खालोखाल दश्शी भारी, निम्म्यांत उलट, एक्का भारी. माझे सासरे, माझा मुलगा आणि मी गेल्या रविवारी दुपारी खेळायला बसलो. सासऱ्यांना पत्त्यांचा नाद आहे, त्यांना नियम माझ्याआधी कळले. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असतो त्यानं सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाच्या राजानं. पहिला डाव मुलाकडे रामाचा राजा आला म्हणून त्यानं उघडला. तो डाव इतका लांबला की संपेपर्यंत अंधार पडला. दुसऱ्यांदा पानं वाटली. मुलगा पुन्हा रामाचा राजा टाकायला लागला तसा सासऱ्यांनी त्याचा हात धरला, उठून दिवा लावला आणि म्हणाले, "आता कृष्ण कुणाकडे आहे?"